वाल संपेपर्यंत

टिपणिसांच्या विश्वस्त मंडळाची सभा रविवारी असली, की तिची खरी सुरुवात शुक्रवारी सकाळीच होते. शुक्रवारी कडवे वाल भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात बांधायचे, शनिवारभर ऊब द्यायची आणि रविवारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सगळ्या विश्वस्तांनी त्यांच्याभोवती मांडी घालून बसायचं. सोलता सोलता बोलायचं. वाल संपले की बोलणं संपलं, मग हात वर करून मतदान. सभेत कागद नाही, फोन नाही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी भाऊ टिपणिसांनी खडवलीला भातसा नदीच्या काठी ‘सहवास’ ही मुलांची निवासी शाळा काढली, तेव्हाच हा नियम घालून दिला होता. रिकाम्या हातांनी माणूस भांडतो, असं ते म्हणायचे. भाऊंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी नियम तसूभर हलला नव्हता, कारण त्यांचे थोरले चिरंजीव आनंद नियमांच्या बाबतीत वडिलांच्याही वरताण निघाले होते.

त्या रविवारी साडेनऊला भाऊंची मुलगी आणि शाळेची रेक्टर आसावरी भोजनगृहात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या पुढ्यात एक नव्हे, चार टोपल्या वाल होते.

वाल भिजत घालायचं काम दरवर्षी मालनचं. मालन तेहतीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळत होती. पण यंदा ती गुरुवारीच भाचीच्या हळदीला किन्हवलीला गेली, तेव्हा लग्नघरात ही बाई वालांची आठवण कुठून ठेवणार, असं म्हणून आसावरीने दोन किलो भिजत घातले. मालन विसरली नव्हती. तिने हळदीच्या घरात, वऱ्हाडाच्या पातेल्याशेजारी, शाळेचे दोन किलो भिजवले आणि मोड आल्यावर मांडीवर घेऊन जीपने आणले. धाकटा भाऊ सलिल डोंबिवलीहून आला तो बाजारातून मोड आलेले दोन किलो घेऊन, कारण त्याच्या बायकोने, रसिकाने, बजावलं होतं, की मालन नाही म्हणजे तिकडे सगळा गोंधळ असणार. आणि सर्वांत शेवटी ठाण्याहून आनंददादांची गाडी आली. डिकीतून नीलावहिनींनी दोन हातांनी उचलून जी टोपली बाहेर काढली, ती एकटी चार किलोंची होती.

“आपल्या घराण्यात कुणाचा कुणावर काडीचा भरवसा नाही,” सलिल टोपल्या मोजत म्हणाला. “भाऊ असते तर खूश झाले असते.”

“अर्धे फ्रीजमध्ये ठेवूया ना,” वल्लरी म्हणाली. वल्लरी ही आनंद आणि नीला यांची मुलगी. नवरा सुश्रुतबरोबर ठाण्यातच कोलशेतला राहायची, दोघांचा डबा आईकडून न्यायची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि आज वडिलांची मदतनीस म्हणून लॅपटॉप घेऊन आली होती. तिला मत नव्हतं, पण मतं भरपूर होती.

“फ्रीजात पोरांचं दूध हाय,” मालन म्हणाली. “आन् मोड आलेलं वाल वाट बघत नाय बसत.”

सगळ्यांनी आनंदकडे पाहिलं. सभा दीड तासात आटपायची, साडेबाराला ठाण्यात बसवाल्यांची माणसं भेटायला येणार, असं त्यांनी कालच सर्वांना कळवलं होतं. पण नियमही त्यांचाच. तीन वर्षांपूर्वी अर्धी वाटी वाल उरलेले असताना सलिल मॅच बघायला उठला, तर ‘टोपली रिकामी झाल्याशिवाय सभा उठत नाही’ असं सांगून त्याला खाली बसवणारे आनंदच होते. सलिल आता त्यांच्याकडे फार मायेने बघत होता.

आनंदनी बाह्या वर केल्या. “चला,” ते म्हणाले, “हात चालवा.”

आसावरीही बसली. टोपल्या बघून तिला हसू येत होतं, पण लक्ष फाटकाकडे होतं. मुलं आज ऋतुराज सरांबरोबर माहुली गडावर गेली होती आणि पाचला परतायची होती. ती परत येतील तेव्हा त्यांचं वसतिगृह राहणार की नाही, हे ठरलेलं असणार होतं.

दादांचा बेत असा, की जूनपासून वसतिगृह बंद करायचं, शाळा इंग्रजी माध्यमाची करायची आणि कल्याण-टिटवाळ्याहून बसने मुलं आणायची. आसावरीचा बेत बरोबर उलटा. वसतिगृह ठेवायचं आणि सुताराच्या जुन्या शेडच्या जागी मुलींसाठी दुसरं बांधायचं. मतं पाच. भाऊंनी घटनेत लिहून ठेवलं होतं, की तीन मुलं, थोरली सून आणि जिच्या हातात स्वयंपाकघर ती. दादा आणि वहिनींचे हात गेली तीस वर्षं एकाच वेळी वर जात आले होते. सलिलने दादांना शब्द दिला होता. उरल्या आसावरी आणि मालन. तिनास दोन. हिशेब बालवाडीतल्या पोरालाही जमला असता.

आसावरी सत्तावन्न वर्षांची होती आणि एकतीस वर्षं ती वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीत राहत होती. तिने लग्न केलं नाही, याची हळहळ घरातल्या सगळ्यांना होती, तिला सोडून. शाळा दिवसाची झाली तर त्या खोलीला कुलूप लागणार आणि तिने ठाण्याला, खोपटच्या दादांच्या फ्लॅटमध्ये जायचं. तिथली बाल्कनीची खोली वहिनींनी तिच्यासाठी म्हणून रंगवूनही घेतली होती. दादा ते सगळं प्रेमाने करत होते, आणि म्हणूनच तिला भांडायला जागा मिळत नव्हती.

पहिली टोपली पाण्यात गेली. सहा जणांची बोटं सुरू झाली, सोललेल्या डाळिंब्या टपाटप पातेल्यात पडू लागल्या. आनंदनी घसा साफ केला.

“एकशे वीस मुलांची सोय आहे आपल्याकडे. आज आहेत एक्केचाळीस. मी भावनेचं बोलत नाही. दहावीचा निकाल चांगला आहे, ऋतुराजसारखा आपलाच विद्यार्थी मास्तर म्हणून परत आलाय, गच्चीवर सोलर बसलं, गरम पाणी आलं, नवा रस्ता झाला. तरी मुलं येत नाहीत. का? कारण आता कुणी आपलं पोर लांब ठेवत नाही.”

“मुलगे ठेवत नाहीत,” आसावरी म्हणाली. “मुली ठेवायला लोक तयार आहेत. यंदा सतरा जणांनी विचारलं. मी सतरा वेळा नाही म्हटलं.”

“विचारणं वेगळं, पाठवणं वेगळं.”

“बाबा, स्लाइड दाखवू?” वल्लरीने विचारलं.

“सभेत कागद नाही,” सलिल म्हणाला.

“हा कागद नाहीये, काका.”

“पडद्यावर दिसला तरी कागदच तो. सोल गपचूप.”

वल्लरीने एक वाल दाबला, त्याचं साल सुटून थेट तिच्या वडिलांच्या चष्म्यावर बसलं. नीलावहिनी हसल्या. त्या आल्यापासून पहिल्यांदाच मान वर करत होत्या, नाहीतर खाली बघून नुसत्या सोलत होत्या.

दुसरी टोपली संपत आली तेव्हा सलिलचं भांडं फुटलं. सलिल आर्किटेक्ट, आणि स्वभावाने तळ्यात-मळ्यात. बांधकामाचा विषय निघाला तसं आनंद म्हणाले, “सलिलने वर्गांचा नकाशा काढलाच आहे. वसतिगृहाच्या जागी आठ वर्ग बसतात.”

“सलिलने?” आसावरीने मान वर केली. “त्याने तर मला मुलींच्या वसतिगृहाचा नकाशा काढून दिलाय. चाळीस खाटा, दोन न्हाणीघरं, पुढे ओटा.”

सलिलने एक वाल फार मन लावून सोलला.

“तुम्ही दोघांनीही सांगितलंत,” तो शेवटी म्हणाला. “नाही कोणाला म्हणू? दादाने मला पोहायला शिकवलं, ताईने गणित शिकवलं.”

“आणि मत कुणाला देणार?” आनंदनी विचारलं.

“मी विचार केलेला, की तोपर्यंत तुमचं आपापसात मिटेल.”

आनंद रागावणार होते, पण साठी उलटलेल्या माणसाने दोन्ही हात वालाच्या पाण्यात बुडवून, चष्म्यावर साल घेऊन रागवायचं म्हणजे अवघडच. ते नुसते फुरफुरले. आसावरीच्या मनात मात्र उजाडलं. सलिल सुटला तर तिनास दोन उलटं होत होतं. तिने मालनकडे बघून डोळे मिचकावले, आणि तिथेच तिचं चुकलं.

“ताई,” मालन म्हणाली, “तुमी माज्याकडं बगू नका. माझं मत पोरींच्या होस्टेलाला नाय.”

आसावरीचे हात थांबले. इतक्या वर्षांत मालनने तिच्याविरुद्ध भाजीत मीठसुद्धा टाकलं नव्हतं.

“अगं, पण तूच म्हणालीस ना, तुझी नात सान्वी पाचवीत जाईल म्हणून?”

“तीच सांगते. माझी नात हितं झोपणार तर तिच्या उशाशी कोन? तुमी हिकडं पोरांकडं. मी साठीला आले, रातची ड्युटी मला झेपायची नाय. पगारी बाई ठेवाल, ती सहा महिन्यांनी कल्यानला नोकरी बघून जाईल. पोरगे काय, पडले-झडले तरी चालतं. पोरीचं तसं नसतं, ताई. राखन कोन करनार ते सांगा, मंग मी दोनी हात वर करते.”

आसावरीकडे उत्तर होतं, पण ते ‘बघू, कुणीतरी मिळेल’ या जातीचं होतं, आणि मालनपुढे तसली उत्तरं टिकत नाहीत.

“मी हेच म्हणतो,” आनंद म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “आसा, मला बसगाड्यांचं वेड लागलेलं नाही. ऑगस्टमध्ये तू जिन्यात चक्कर येऊन बसलीस, ते मला मुलांकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तुझं बीपी, तुझ्या गोळ्या, आणि रात्री इथे मोठं माणूस दुसरं कोण? वॉचमन पोपट, तो फाटकावर. तुला काही झालं तर एक्केचाळीस मुलांनी काय करायचं? आणि मी काय करायचं?”

आसावरीला राग यायला हवा होता, पण आला नाही. हा मनुष्य गेले आठ महिने बस, माध्यम आणि आकडे यांच्याबद्दल बोलत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही टिपणिसांची पिढीजात खोड. नुसतं ‘मला तुझी काळजी वाटते’ म्हणाला असता, तर दोघांचे आठ महिने वाचले असते.

“दादा, मी तिथे बाल्कनीत बसून जास्त आजारी पडेन,” ती म्हणाली. “खरंच सांगते.”

“माहीत आहे मला,” आनंद म्हणाले. “पण तिथे मला दिसशील तरी.”

वल्लरी उठली, हात धुऊन स्वयंपाकघरातून दडपे पोह्यांचं पातेलं घेऊन आली आणि एकेकाच्या तोंडात चमच्याने भरवू लागली, कारण कुणाचेच हात रिकामे नव्हते. सलिलने दोनदा तोंड उघडलं. आनंदचा फोन वाजायचा थांबेना, तेव्हा एकदाच नियम मोडून तिनेच तो त्यांच्या कानाला लावून धरला. बसवाल्यांची माणसं खोपटला खाली उभी होती. “आज जमत नाही,” आनंदनी सांगितलं. “कारण? वाल आहेत.” पलीकडच्याने पुन्हा विचारलं असावं. “वाल, अहो, वाल,” असं म्हणून त्यांनी मान बाजूला घेतली. यावर मालनला जे हसू सुटलं ते तिला पदराने आवरेना, आणि मग एकेक करून सगळेच लागले हसायला. आनंदसुद्धा.

एक वाजता शेवटची टोपली पाण्यात पडली. ती नीलावहिनींची. चार किलोंची ती टोपली बघून सलिलने बोटं मोडली आणि कुरकुरत पुन्हा मांडी घातली.

“आसावरी,” आनंद आता नरमाईने म्हणाले, “त्या सतरा मुली म्हणतेस, त्या कुठल्या? यादी केली आहेस का?”

“यादी माझ्या टेबलात आहे. पण सभेत कागद नको ना? मला पाठ आहे.” आणि सोलता सोलता ती सांगू लागली. वाशिंदच्या दोघी बहिणी, वडील वीटभट्टीवर मुकादम. खर्डीची एक, आई नर्स, आठवड्याला चार रात्री ड्युटी. डोळखांबची एक, सातवीपुढची शाळा आठ किलोमीटरवर. किन्हवलीच्या तिघी. आसनगावची एक, जिच्या वडिलांनी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा आधी माफी मागितली. सरळगावच्या तिघी, शेणव्याच्या दोघी, मुरबाडच्या तिघी. “आणि टोकावड्याची एक. दिशा नाव. वर्गात पहिली येते. आई म्हणाली, आता तिला कल्याणला नातेवाइकांकडे ठेवायचं ठरतंय, दुसरा इलाज नाही.”

“नाही,” नीलावहिनी म्हणाल्या.

त्या इतक्या स्पष्ट बोलल्या की सगळ्यांच्या माना वळल्या. वहिनींनी हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला, मगच पुढे बोलल्या.

“नातेवाइकांकडे नको. मी होते पाच वर्षं.”

“कल्याणच्या मावशींकडे ना?” आनंद म्हणाले. “त्या तर किती कौतुकाने सांगायच्या, आमच्याकडे राहून शिकली म्हणून.”

“त्या कौतुकाने सांगायच्या. मी कधी सांगितलं का?” वहिनींचा आवाज शांत होता. “माझे वडील टोकावड्याला तलाठी. सातवीनंतर मला कल्याणला ठेवलं. सकाळी पाचला उठून आठ माणसांचं पाणी भरायचं, मग शाळा. संध्याकाळी भांडी, पोळ्या. नऊला दिवे बंद, कारण बिल येतं. अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली. दहावीच्या गणिताच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे साखरपुड्याचे पाहुणे आले, तर मी चाळीस पोळ्या लाटल्या. वाईट नव्हत्या मावशी. त्यांनी मला ठेवून घेतलं हेच खूप, असं सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. मला काही मोठं व्हायचं नव्हतं. मला फक्त एक खाट हवी होती, जिच्यावर बसून वाचलं तर कुणी हाक मारणार नाही.”

आसावरीने वहिनींकडे पाहिलं. तीस वर्षं ती या बाईला दादांची सावली समजत आली होती. दरवर्षी सभेला यायच्या, डबा आणायच्या, दादांबरोबर हात वर करायच्या आणि गाडीत बसून ठाण्याला जायच्या. ठाण्याच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, तेव्हा आसावरीने त्यांना साडी पाठवली होती, स्वतः गेली नव्हती. त्याची तिला आता लाज वाटली.

“पण आपण तर दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन जायचो,” आनंद गोंधळून म्हणाले.

“तुम्ही न्यायचात. मी सोबत यायचे.”

“मला कधी बोलली नाहीस, नीला. छत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. घरी बोलायचं होतंस.”

“घरी तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करता, बंद करत नाही. आणि सभेत तुमचं दीड तासात सगळं आटपतं. माझं सुरूच व्हायला मला सहा तास लागतात.” वहिनी किंचित हसल्या. “म्हणून चार किलो भिजवले.”

सलिलच्या हातातला वाल पडला. “म्हणजे हे चुकून जास्त झाले नाहीत?”

“बाकी तुमचे झाले. माझे मोजून घातलेत.”

मालनने कपाळाला हात लावला आणि सालं कपाळावर चिकटली तशीच म्हणाली, “वयनी, तुमी तर साऱ्यांच्या वर निगालात.”

“मालन, तू विचारलंस ना राखण कोण करणार,” वहिनी म्हणाल्या. “मी करीन. ज्या दिवशी खाटा लागतील त्या दिवशी मी इथे राहायला येईन. गुडघे बरे आहेत, झोप सावध आहे, आणि चाळीस पोरींना एकदम गप्प कसं करायचं ते मला येतं. पगार नको. आसावरीला चक्कर आली तर मी असेन, मला आली तर ती असेल. ह्यांची काळजीही त्यात मिटते.”

आसावरीला वाटलं, उठून वहिनींना मिठी मारावी, पण दोघींचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि टोपलीत अजून ओंजळभर वाल शिल्लक होते. नियम म्हणजे नियम. तिने नुसती बसल्या जागी सरकून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला, आणि दोघींनी मिळून ती ओंजळ सोलली.

“मतदान,” टोपली उपडी करून आनंद म्हणाले. “मुलींचं वसतिगृह.”

मालनने सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात वर केले. तिचा एकच मोजायचा, असं सलिलने ठरवलं आणि स्वतःचा हात इतक्या तत्परतेने वर केला, जणू तो पहिल्यापासूनच तिकडे होता. आसावरीचा हात गेला. नीलावहिनींचा गेला, आणि तो जाताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. आनंद चौघांकडे बघत राहिले. चार मतं झाली होती, त्यांच्या मताची गरज नव्हती.

“बाबा,” वल्लरी हळूच म्हणाली, “स्लाइड मी डिलीट करू का?”

“कर,” आनंद म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मग हसून म्हणाले, “आमचे हात तीस वर्षं बरोबर वर जातात. आज मी थोडा मागे पडलो, एवढंच.”

वहिनींनी तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वल्लरी उगाचच पातेलं उचलून आत गेली, आणि आतून ओरडून म्हणाली, “पण मग माझा आणि सुश्रुतचा डबा?” त्यावर वहिनींनी शांतपणे सांगितलं, की तीस वर्षांच्या मुलीला या वालांचं बिरडं करता यायला हरकत नाही, मालनजवळ उभी राहून शीक.

मग सगळे शेड बघायला निघाले. सुतार जाऊन सहा वर्षं झाली होती, आत मोडकी बाकं आणि भुसा. सलिलने पायाने जमिनीवर रेघा ओढल्या. इथे खाटा, इथे न्हाणीघर, इथे रेक्टरची खोली, दार ओट्याकडे. यंदा फार तर पंधरा खाटा, बाकी पुढल्या वर्षी. जूनपर्यंत छप्पर होईल, नाही झालं तर वाचनालयाच्या वरची खोली आहे. आनंद रेघांवरून चालून आले आणि रेक्टरच्या खोलीत उभे राहिले.

“एकाच माणसाची दिसतेय,” ते म्हणाले.

“मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सातनंतर पुरुषांना मनाई,” आसावरी म्हणाली. “नियम आहे. तुला नियम आवडतात ना, दादा?”

“मग मी खोपटला एकटा टीव्ही बघत बसू?”

“मुलांकडे एकोणऐंशी खाटा रिकाम्या आहेत,” सलिल म्हणाला. “तू निवडून घे.”

“सकाळी साडेपाचला प्रार्थना,” आसावरी म्हणाली. “आणि ताटात टाकायचं नाही.”

आनंदनी विचार केल्यासारखं केलं. “खिडकीजवळची मिळेल का?” त्यांनी विचारलं, आणि ते थट्टेत म्हणाले की खरंच, हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. त्यांना स्वतःलाही बहुधा नाही.

आसावरीने खोलीतून टेबलातली यादी आणली. हात कोरडे झाले होते, सभा संपली होती, आता कागदाला हरकत नव्हती. तिने टोकावड्याचा नंबर स्वतःच्या फोनवर लावला, आणि घंटा वाजायला लागल्यावर फोन वहिनींच्या हातात दिला. वहिनी एकदम गोंधळल्या. मग पदर खांद्यावरून ओढून घेऊन ताठ उभ्या राहिल्या, चौतीस वर्षं वर्गापुढे राहायच्या तशा.

“दिशाची आई का? मी खडवलीच्या सहवास शाळेतून बोलतेय. हो, तीच. तुम्ही डिसेंबरात विचारलं होतंत. आम्ही जूनपासून मुली घेतोय. हो. हो, खाट मिळेल, स्वतःची. नाही, स्वयंपाक नाही करावा लागत, त्याला मालनबाई आहेत. रात्री? रात्री नऊपर्यंत अभ्यास, पुढे वाचायचं असेल तर दिवा असतो.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं जात होतं. वहिनी ऐकत होत्या. शेडच्या दारात मालन, सलिल, आनंद सगळे उभे होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की ती आई आता काय विचारत असणार. तेच, जे मालनने विचारलं होतं.

“मी असते,” नीलावहिनी म्हणाल्या. “पोरींजवळ मी असते.”